घड्याळवाल्या काकांना, यशिकावालीकडून

नागपूर,
मारबतीनंतरचा रविवार

घड्याळवाले काका यांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर धन्यवाद म्हटलं की तुम्ही कानाचं मशीन काढून ठेवता, हे दोनदा झालंय. म्हणून लिहितेय. आणि चारचौघांत लिहितेय, कारण फोटो पाहिले की लोक पहिला प्रश्न हाच करतात : एवढा जुना कॅमेरा नागपुरात दुरुस्त कोणी करून दिला? तुमचा पत्ता द्यायचा नाही, असं तुम्ही बजावलंय. "डोळे आता दिवसाला तासभर चालतात, त्यात मनगटी घड्याळंच होत नाहीत." तेव्हा नाव नाही, गल्ली नाही. महालातलं एक दुकान, बस्स. कोणाला फारच गरज असेल तर त्यानं महाल पायी पालथा घालावा.

तुमच्याकडे मी कॅमेरा घेऊन आलेच नव्हते. घड्याळाचा सेल बदलायला आले होते. कॅमेरा पिशवीत होता, तासाभरापूर्वी इतवारीत एका भंगारवाल्याकडून घेतलेला, आणि त्याचा पट्टा बाहेर लोंबत होता. तुम्ही पट्टा पाहिला आणि विचारलं, "यशिका ना? एक सेकंदावर अडकते?"

अडकत होती. यशिका-मॅट १२४ जी, वरून काचेत वाकून पाहायचा दोन लेन्सचा कॅमेरा. भंगारवाल्यानं 'अँटिक आहे मॅडम' म्हणून जी किंमत सांगितली ती मी अजून घरी खरी सांगितलेली नाही. (हल्ली कुठलीही जुनी वस्तू अँटिकच असते. बडोद्यात बनलेला, आपल्याकडे घरोघरी असलेला आग्फा क्लिक थ्रीसुद्धा लोक लिलावातल्या हिऱ्यासारखा विकायला काढतात.) माझ्या कपाटात तेव्हा आठ कॅमेरे होते. एक रशियन झेनिट, दोन क्लिक थ्री, एक कोडॅकचा डबा ज्याला लागणारी ६२० ची फिल्म कोडॅकनं केव्हाच बंद केली, आणि असेच आणखी. पुसून, ओळीनं मांडून ठेवलेले. "चालतात किती?" असं तुम्ही विचारलंत. एकही नाही म्हटल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त माझ्या हातातून यशिका काढून घेतली.

पुढचं दीड तास मी स्टुलावर बसून पाहिलं. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाची एक जुनी तबकडी टेबलावर ठेवली. पहिला स्क्रू निघाला तो १ च्या आकड्यावर, दुसरा २ वर, तिसरा ३ वर. लावताना उलटं मोजत यायचं. नंतर घरी मी झेनिट उघडायचं धाडस केलं तेव्हा स्क्रू बशीत टाकले होते. एक अजून सापडलेला नाही.

पुढची लेन्स फिरवून काढल्यावर आत शटरची पाती दिसली, एकावर एक चिकटलेली, मधोमध तेलाचा पिवळट डाग. "कोणीतरी शहाण्यानं तेल सोडलं आहे. पात्यांना तेल नसते द्यायचं, बेटा. ती कोरडीच पळतात." पेट्रोलमध्ये बुडवलेली काडी, टिपकागद, पुन्हा काडी. असं किती वेळा केलंत ते मी मोजलं नाही. मग आतल्या चाकांकडे गेलात. एक सेकंद, अर्धा सेकंद हे सावकाश वेग धरायला शटरमध्ये दातेरी चाकांची एक छोटी रांग असते, ती अडखळत अडखळत सुटते आणि तेवढा वेळ पाती उघडी राहतात. "हे तं घड्याळच आहे ना. फक्त एका सेकंदापुरतं." त्या चाकांच्या पिनांना मात्र तुम्ही सुईच्या टोकानं तेल लावलंत, दिसणारही नाही इतकं.

आणि मग ते. तुम्ही कानातलं मशीन काढलंत, यशिका उचलून जबड्याच्या हाडाला टेकवलीत, डोळे मिटलेत आणि बटण दाबलंत. मला घर्रर्र ऐकू आलं. तुम्ही मान हलवलीत. पुन्हा उघडली, पुन्हा चाकं, पुन्हा जबडा. चौथ्या वेळी म्हणालात, "आता सरळ जाते." कान गेल्यापासून घड्याळंही अशीच तपासता, हे मागाहून कळलं.

तीनशे रुपये घेतलेत. घासाघीस केली नाही, एवढं एक शहाणपण माझ्या खात्यावर लिहा.

आता माफीचं. त्यासाठीच खरं तर पत्र लिहायला घेतलं.

पहिला रोल मी अंबाझरीवर आणि फुटाळ्यावर काढला. कृष्णधवल, ४०० चा, बारा फोटो. एका लॅबमध्ये धुवायला दिला. चार दिवसांनी हातात आली ती काचेसारखी स्वच्छ पट्टी. एक सावलीसुद्धा नाही. लॅबवाला म्हणाला, मॅडम, कॅमेरा खराब आहे, शटर उघडतच नाही. मी तशीच तणतणत तुमच्याकडे आले. काय काय बोलले ते मला आठवतंय आणि तुम्हालाही आठवत असणार, कारण त्या दिवशी मशीन कानात होतं. 'पाती पुन्हा चिकटली असतील', 'घड्याळवाल्याकडे द्यायलाच नको होता', असलं सगळं.

तुम्ही पट्टी मागितलीत. फोटो जिथे असायला हवेत तिथे पाहिलंच नाहीत. डोळ्याला भिंग लावून फक्त काठ पाहिलात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पट्टी माझ्या हातात दिलीत. "काठावर काय लिहिलं आहे, वाच."

काहीच लिहिलेलं नव्हतं.

"कंपनीचं नाव, नंबर, हे कारखान्यातच उजेडानं छापलेलं असते. कॅमेऱ्यात रोल घातलाच नाही, तरी धुतल्यावर ते दिसलं पाहिजे. काठ कोरा, म्हणजे दोष कॅमेऱ्यात नाही. धुण्यात आहे."

मी लॅबला फोन केला. रंगीत रोलच्या मशीनमध्ये टाकला होता. रंगीत फिल्ममध्ये चित्र शेवटी रंगांचं उरतं, त्यामुळे त्या मशीनचं रसायन चांदी सगळी धुवून काढतं. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी हेच चित्र. ती गेली की मागे उरतं प्लास्टिक. बारा फोटो, आठशेचा रोल आणि फुटाळ्याची एक चांगली संध्याकाळ नाल्यात गेली. मी दुकानात उभी राहून रडकुंडीला आले होते, माफी मागायचं सुचलंच नाही. आज मागते. तुमच्या हातावर मी शंका घेतली आणि तुम्ही आवाज न चढवता मला काठ वाचायला शिकवलंत. आता कुठलीही निगेटिव्ह हातात आली की मी आधी काठ पाहते.

त्याच दिवशी तुम्ही ते आकडे म्हणालात, पाढे म्हणतात तसे, हातातलं काम न थांबवता. "दोन, शंभर, पाच, दोन. लिटरभर पाण्यात. घरीच धूत जा." मला वाटलं घड्याळाचा काही हिशोब असेल. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. कोडॅकचा डी-७६ डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, १९२७ पासूनचा. तुम्ही घड्याळात यायच्या आधी एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये होता आणि मेटॉलनं बोटांची कातडी फुटायला लागली म्हणून ते काम सोडलंत, हे तेव्हा कळलं. हातमोजे घाल, हे तुम्ही तीनदा सांगितलंत ते त्यामुळेच असणार.

दोन ग्रॅम मोजायला सोनारांचा छोटा काटा घेतला. पहिल्या वेळी सगळं एकदम ओतलं आणि मेटॉल पांढऱ्या कणांसारखं तरंगत राहिलं. "सल्फाइटच्या पाण्यात मेटॉल विरघळत नाही. आधी सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल, मग बाकीचं सल्फाइट." चिमूट कशाला, तर मेटॉल हवेनं खराब होऊ नये म्हणून. आमची आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, फोडणीचाही क्रम असतोच की.

हे सगळं सुरू केलं ते नेमकं मे महिन्यात, यालाही अक्कल लागते. डेव्हलपर पाहिजे २० अंशांवर, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून येतं ते हात पोळणारं. पावडरी विरघळवायला ते उत्तम, गॅस लावावा लागत नाही. रोल धुवायला निकामी. गरम पाण्यात डेव्हलपर इतकं धावतं की साडेसात मिनिटांचं काम दोन-तीन मिनिटांत होतं आणि आकाशावर पट्टे पडतात. माझ्या एका रोलवर पडले आहेत. बर्फ सरळ डेव्हलपरमध्ये टाकू का, असं मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंत ती मी विसरणार नाही. आता रीत बसली आहे : रात्री अकरानंतर, माठाचं पाणी बादलीत, त्यात बर्फ, आणि बाटल्या त्या बादलीत गळ्यापर्यंत. कूलर बंद, पंखा बंद, धूळ बसू नये म्हणून. घरातले सगळे गच्चीवर झोपायला जातात आणि मी बाथरूममध्ये घाम निथळत २० अंशांची वाट पाहते.

उजेड मोजायच्या मीटरचंही राहिलंच. १२४ जी चं वरचं झाकण उघडलं की मीटर जागं होतं, पण त्याचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही आणि साधा दीड व्होल्टचा घातला तर काटा चुकीचं सांगतो. तुम्ही खिशातून स्वतःच्या कानाच्या मशीनचं पाकीट काढलंत, त्यातला ६७५ नंबरचा सेल घेतलात, चिकटवलेला कागद सोलून हवा लागू दिलीत आणि रबराची रिंग लावून बसवलात. व्होल्टेज जवळपास जुळतं. "उन्हात मीटर लागत नाही. छिद्र सोळावर ठेव, वेग पाचशेवर ठेव, दाब. गल्लीत शिरलीस की लागेल."

गल्लीतच लागलं. परवा मारबतीला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला, इतवारीत गेले होते. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, गुलाल आणि "घेऊन जा गे मारबत" असं ओरडणारी एवढी माणसं की माझ्या उंचीला फक्त पाठी दिसत होत्या. तुम्ही मागे एकदा सहज म्हणाला होता, गर्दीत यशिका उलटी धर. डोक्यावर हात उंच केले, कॅमेरा पालथा, काच खाली आणि मी वर पाहत. डावं-उजवं एरवीही उलटच दिसतं त्या काचेत, तसंच आताही, पण डोकं वरच. त्या चौकोनात काळी मारबत सगळ्या पाठींवरून माझ्याकडे आली. सात फोटो तसेच काढले. दोन हलले आहेत, एकात माझ्याच अंगठ्याचा डोंगर आहे. चार चांगले आहेत. त्यातल्या एकात मागच्या माडीवर बसलेली एक म्हातारी आहे, तिला मी काढताना पाहिलंच नव्हतं.

तो फोटो मोठा करून सोबत पाठवतेय. निगेटिव्हही पाठवतेय, पाहून परत द्या. काठावरची अक्षरं ठसठशीत आली आहेत, भिंगाशिवाय वाचता येतील.

कपाटात आता सात कॅमेरे आहेत. एक क्लिक थ्री शेजारच्या मुलाला दिला, रोलसकट.

येत्या रविवारी झेनिट घेऊन येते. एक स्क्रू कमी आहे.

आपली,
यशिकावाली

ता. क. ६७५ नंबरच्या सेलचं नवं पाकीट फोटोसोबत आहे. सहाचं आहे, पण आत पाच भरतील. मीटरमधला सेल परवाच संपला.