खुल्या सेन्सरबरोबर नोंदीही खुल्या हव्यात

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ज्यांच्या सर्किटचे आराखडे व आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता आणि पुन्हा बनवता येतात, असे खुल्या हार्डवेअरचे सेन्सर पाणीपातळी आणि पाऊस मोजण्यासाठी वापरावेत, या सूचनेवरील चर्चा बहुधा ‘ते स्वस्त पडतात’ येथे सुरू होऊन तेथेच संपते. स्वस्ताई गौण आहे असे मी म्हणणार नाही. जे उपकरण पुरात वाहून जाण्याची भीती असते, ते महागडे असेल तर बसवायला कोणी धजावत नाही, आणि लहान ओढे मोजमापाविना राहतात ते त्यामुळेच. तथापि या उपकरणांचे खरे मोल, त्यांनी दिलेला आकडा कसा निघाला हे तपासता येण्यात आहे, आणि नेमके तेच दुर्लक्षित राहते.

पुलाखाली बसवलेल्या श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनीच्या सेन्सरचेच पाहा. तो ध्वनी सोडतो, पाण्यावरून परतलेल्या प्रतिध्वनीला लागलेला वेळ मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. परंतु हवेतील ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ३० अंशांना सुमारे ३४९ मीटर असतो. आज्ञावलीत पहिलाच वेग कायम धरला असेल, तर ३ मीटर खाली असलेले पाणी उन्हाच्या वेळी सुमारे ५ सेंटिमीटर वर आल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात ओढा तसूभरही चढलेला नसताना. बंद पेटीतील उपकरणात हा दोष शोधणे वापरणाऱ्याच्या हाती नसते. खुल्या आज्ञावलीत ती ओळ सापडते आणि तापमानाची जोड देऊन दुरुस्तही करता येते.

पाण्यात बुडवून, वरच्या पाण्याच्या दाबावरून पातळी काढणाऱ्या दाबमापकाचेही असेच आहे. तो पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजत असेल, तर हवेच्या दाबातील १ हेक्टोपास्कलचा फरक पाणीपातळीत जवळपास १ सेंटिमीटरची चूक करतो. छोटी बादली भरून उलटली की एक नोंद करणारा, उलटणाऱ्या बादलीचा पर्जन्यमापक तर मुसळधार पावसात, म्हणजे नोंद सर्वाधिक हवी असते तेव्हाच, पाऊस थोडा कमी मोजतो.

अमेरिकेतील स्ट्राउड जलसंशोधन केंद्राने ओढ्यांच्या निरीक्षणासाठी आर्डुइनो या खुल्या इलेक्ट्रॉनिक फलकाच्या धर्तीवर ‘मेफ्लाय’ हा सर्किट-फलक तयार केला आणि त्याची माहिती सर्वांना खुली ठेवली. मार्ग हाच असावा, पण केवळ आराखडा प्रसिद्ध करून काम भागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कच्ची वाचने, अंशशोधनाच्या (उपकरण प्रमाणित मापाशी ताडून पाहिल्याच्या) तारखा, सेन्सर बदलल्याची नोंद आणि पातळी कोणत्या खुणेपासून मोजली ती संदर्भपातळी, हे सारे आकड्यांबरोबर मिळाले नाही, तर पुढील अभ्यासकाला ती आकडेवारी विश्वासाने वापरता येणार नाही. शिवाय पातळी म्हणजे विसर्ग, म्हणजेच दर सेकंदाला वाहणारे पाणी, नव्हे. दोहोंचा संबंध प्रत्यक्ष प्रवाह मोजूनच ठरवावा लागतो, आणि मोठ्या पुराने पात्राचा तळ बदलला की तो नव्याने ठरवावा लागतो. हे काम कोणताही सेन्सर आपण होऊन करत नाही.

म्हणून अशी केंद्रे उभारणाऱ्या सर्वांना माझी आग्रहाची विनंती आहे की, प्रत्येक सेन्सरशेजारी साधी रंगवलेली मापनपट्टी बसवावी, ती ठरावीक दिवशी डोळ्यांनी वाचावी आणि ते वाचन सेन्सरच्या वाचनाशेजारी, फरक कितीही गैरसोयीचा असला तरी, जसेच्या तसे प्रसिद्ध करावे.

आपला,
एक वाचक