दंतवैद्यक विद्यार्थ्यांच्या हातांची परीक्षा घ्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, कर्नाटक राज्य यांस,
सादर नमस्कार.

मी निपाणीत दातांचा दवाखाना चालवतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला होतो. इंटर्नशिप झाली ती साथीतच.

तेव्हाचा एक प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या बॅचमधल्या एका हुशार मुलानं पीपीई किट, दुहेरी हातमोजे, फेसशील्ड असं सगळं चढवून दाढ काढली. तेवढ्यात फोन वाजला. रक्त लागलेल्या त्याच हातमोज्यानं त्यानं ट्रॉलीवरचा मोबाईल उचलला, मग लाईटचं हँडल सरकवलं, मग केसपेपरवर लिहायला पेन घेतलं. संसर्ग कसा पसरतो हे विचारलं असतं तर त्यानं पानभर लिहिलं असतं. आम्ही सगळेच तसे. मायक्रोबायोलॉजी पाठ होती, हातांना मात्र वळण नव्हतं. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो, थुंकीचे आणि रक्ताचे तुषार उडवतो. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, लावला, थुंकी ओढून घेणारं सक्शन जोरकस असलं, तर ते बरेच कमी होतात. परीक्षेत मला रबर डॅम लावून दाखव असं एकदाही कुणी म्हणालं नाही.

२०२१ साली कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट मागत. तसाच नाका काहींनी मनातही उभा केला. कागल-गडहिंग्लजचा पेशंट आला की मागे सरकायचे. ओळखीचा, गावातला असला की मास्क हनुवटीवर. खरं तर प्रत्येक तोंड सारख्याच काळजीनं हाताळायचं, हा मूळ नियम आहे.

त्याच उन्हाळ्यात विडी वळणाऱ्या एक मावशी वरचे दात हलतात म्हणून आल्या. कोविड होऊन गेलेला, साखर वाढलेली. तंबाखूनं हिरड्या गेल्या, असं समजून औषध लिहून दिलं गेलं. तो म्युकर, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार होता. टाळू काळा पडला तेव्हा कळलं.

साहेब, अभ्यासक्रम दिल्लीहून ठरतो, हे मला ठाऊक आहे. पण प्रात्यक्षिक परीक्षेबद्दल आपण राज्याच्या आरोग्य विद्यापीठाशी बोलू शकता. हातमोजे काढणं, ऑटोक्लेव्ह (वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) लावणं, रबर डॅम बसवणं यांना गुण ठेवा, आणि त्यात नापास झालेल्याला पेशंट देऊ नका. पहिल्या पेशंटआधी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झालेच पाहिजेत. लस न घेतलेल्याला बाधित रक्ताची सुई टोचली तर शंभरात तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते. एचआयव्हीची शंका असेल तर औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं; ते रात्री कुठं मिळेल, हे प्रत्येक इंटर्नला माहीत असायला हवं.

आणखी एक. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे कितीतरी पेशंट मराठीतच दुखणं सांगतात. 'खोकला किती दिवस आहे? रात्री घाम येतो का? कधी कावीळ झाली होती?' एवढे प्रश्न बाहेरून शिकायला आलेल्या मुलांना कन्नडबरोबर मराठीतूनही विचारता यावेत. ते शिकवायला मी महिन्यातून एक दिवस दवाखाना बंद ठेवून येईन. मानधन नको.

आपला,
निपाणीतील एक दंतवैद्य