मामांच्या शिंपल्यांविषयी

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मामांच्या कपाटापाशी चार दिवस बसून आलो. ‘हे सगळे ठेवण्याजोगे आहे का?’ या तुझ्या प्रश्नाचे उत्तर लिहूनच द्यावे असे वाटले, कारण ते थोडे लांबणार आहे. ठेवण्याजोगे आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ज्या खणाकडे बोट दाखवून तू ‘हाच खरा ऐवज’ म्हणालास, तो चमकदार मोठ्या शिंपल्यांचा खण मला सर्वांत कमी उपयोगाचा वाटला. चकाकी आणण्याच्या नादात कोणीतरी (मामांनी नसावे) त्यांच्यावरचे मूळचे तपकिरी आवरण खरवडून टाकले आहे आणि एकाजवळही चिठ्ठी नाही. कोणत्या पाण्यातला, कधी उचललेला, हे ठाऊक नसलेला शिंपला दिवाणखान्यात शोभेल. अभ्यासकाच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही.

खरा ऐवज खालच्या खणांत आहे. सातव्या खणातल्या एका काड्यापेटीत नखाएवढ्या एकोणीस गोगलगाई आहेत. प्रत्येकीच्या कवचाच्या तोंडात कापसाचा बोळा आणि त्यावर ते तोंड मिटणारे तिचेच झाकण डिंकाने नीट बसवलेले. सोबतच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिले आहे : ‘पुलाच्या वरच्या अंगाला, डावा काठ, गुडघाभर पाणी, दगडांच्या खालच्या बाजूस. सर्व जिवंत.’ खाली तारीख आहे. शेवटचे दोन शब्द वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. रिकामे कवच पुराबरोबर कुठूनही वाहत येते आणि गाळात कित्येक वर्षे पडून राहते. जिवंत सापडलेली गोगलगाय मात्र त्या दिवशी तिथे नांदत होती, याबद्दल शंकाच उरत नाही.

दुसरी गोष्ट तुला कदाचित क्षुल्लक वाटेल. बहुतेक हौशी संग्राहक मोठा, देखणा, न झिजलेला नमुना तेवढा उचलतात. मामांनी एकाच जागचे लहान, मध्यम, मोठे आणि झिजके असे सगळे उचलले. याचे मोल एका उदाहरणाने कळेल. युरोपातल्या नद्यांमधला मोत्याचा शिंपला शंभर वर्षांहूनही अधिक जगतो आणि त्याच्या अळ्यांना सुरुवातीचे काही महिने विशिष्ट माशांच्या कल्ल्यांना चिकटून काढावे लागतात. ते मासे गेले किंवा तळाच्या वाळूत गाळ भरला, तर पिल्ले वाढणे थांबते, पण म्हातारे शिंपले पुढे कित्येक दशके जिवंत दिसत राहतात आणि पाहणाऱ्याला नदी ठणठणीत वाटते. म्हणून एखाद्या जुन्या खणात करंगळीच्या पेराएवढे शिंपले मिळाले, की त्या वर्षी तिथे प्रजनन चालू होते याचा पुरावा हाती येतो. कवचावरच्या वाढीच्या वलयांतून त्या काळच्या पाण्याच्या तापमानाचा अंदाजही बांधता येतो. तो रसायनाचा भाग झाला, त्यात आता शिरत नाही.

अशा खणांवर कधी किती मोठी जबाबदारी येऊन पडते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली कूसा नदी. विसाव्या शतकात तिच्यावर एकामागून एक धरणे झाली, खळखळत वाहणारे उथळ पट्टे बुडाले आणि त्यांतल्या गोगलगाईंच्या डझनावारी जाती नाहीशा झाल्या. गायरोटोमा ही तर अख्खी प्रजातीच, म्हणजे जवळच्या जातींचा सगळा गटच, गेली. आज ती संग्रहालयांच्या खणांतच उरली आहे.

मामांच्या चिठ्ठ्यांवर जातींची नावे चुकली आहेत म्हणून तू खट्टू होऊ नकोस. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे शिंपल्यांचे अभ्यासक बूर्गिन्या यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी आकारातल्या बारीकसारीक फरकांवरून तळ्यांतल्या शिंपल्यांना शेकडो नावे देऊन ठेवली आणि पुढच्या पिढ्यांना ती निस्तरावी लागली. एकच जात प्रवाहाच्या वरच्या भागात चपटी आणि खालच्या भागात फुगीर होऊ शकते, हे मामांसारख्यांच्या एका जागच्या तीस-तीस नमुन्यांवरूनच ध्यानात येते. नाव कोणीही नंतर सुधारील, ठिकाण कोणाला सुधारता येणार नाही. म्हणून चुकीची वाटली तरी जुनी चिठ्ठी फेकू नये. नवी तिच्याशेजारी ठेवावी.

चिठ्ठ्यांबद्दल मी हळवा आहे, त्याला कारण आहे. विद्यार्थी असताना मी दोन ठिकाणांचे शिंपले एकाच घमेल्यात धुतले. वाळल्यावर कोणते कुठले हे सांगता येईना आणि दोन्ही पिशव्या बाद झाल्या. थोरामोठ्यांच्या संग्रहांचेही असेच होते, हे समाधान फार कामाचे नाही. इंग्रज शंखसंग्राहक ह्यू कमिंग यांचा प्रचंड संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर ब्रिटिश म्युझियमने १८६६ मध्ये विकत घेतला. तो उघड्या अंगणातून नेताना पुष्कळ चिठ्ठ्या वाऱ्याने उडाल्या, असे सांगतात.

आता तातडीचे. कपाट उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो आणि वरच्या खणातल्या काही कवचांवर मिठासारखी पांढरी बुरशी दिसते. ती बुरशी नव्हे. ओकसारख्या लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ कवचातल्या चुन्यावर बसते आणि त्याचे क्षार तयार होतात. लॉफ्टस बाइन यांनी १८९९ मध्ये याविषयी लिहिले, म्हणून याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात; तो संसर्गजन्य मात्र नाही. नमुने चिठ्ठ्यांसकट, एका वेळी एकच डबी, आम्लरहित पुठ्ठ्याच्या खोक्यांत हलव. धुऊ नकोस, आणि तेल तर मुळीच लावू नकोस.

पुढे हा संग्रह संग्रहालयाला द्यावा, तोही न फोडता, असे माझे मत आहे. फिलाडेल्फियाचे आयझॅक ली व्यवसायाने प्रकाशक होते, शिंपले हा त्यांचा छंद. त्यांचा संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला, आणि ज्या कवचांवरून त्यांनी जातींना नावे दिली ती आजही अभ्यासकांना तिथे हाताळून पाहता येतात. देखणे नमुने भाच्यांना वाटून टाकण्याचा तुझा विचार मला पटला नाही. फारच वाटत असेल, तर तो बिनचिठ्ठीचा चमकदार खण वाट.

एक काम मात्र तुलाच करावे लागेल. चौथ्या खणातल्या अकरा शिंपल्यांच्या आतल्या बाजूस काळ्या शाईने क्रमांक घातले आहेत, २१४ ते २२४, आणि त्यांच्याजवळ चिठ्ठी नाही. ज्या अर्थी क्रमांक आहेत, त्या अर्थी कुठेतरी वही असलीच पाहिजे. मामींना विचार, आणि रद्दी देण्याआधी माळा बघ.

तुझा,
माधव