ईईजीच्या एका आलेखावरून स्मृतिभ्रंश ठरवू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूलहरींच्या आलेखावरून, म्हणजे ईईजीवरून, स्मृतिभ्रंशाची चाहूल लवकर लागू शकते, अशा आशयाच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचनात येतात. हे आलेख घेण्यातच माझी सारी नोकरी झाली असल्याने त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

माणसाच्या मेंदूलहरी प्रथम नोंदवल्या हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये जर्मनीतील येना येथे. निरोगी माणूस डोळे मिटून जागा असला की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लय उमटते. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात ती मंदावत जाते आणि थीटा, डेल्टा या संथ लहरी वाढतात. मात्र असा संथपणा थायरॉइडच्या किंवा बी-१२ च्या कमतरतेने, काही औषधांनी, इतकेच काय, साध्या डुलकीनेही येतो. दुपारी जेवून आलेले आजोबा अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडले की थोड्याच वेळात अल्फा विरते. तंत्रज्ञाने ‘काका, झोपू नका’ म्हणून त्यांना जागे केले नाही आणि आलेखावर तशी नोंदही केली नाही, तर पुढे तो वाचणारा डॉक्टर असो वा संगणक, फसण्याचा धोका राहतोच. (डोक्याला तेल चोपडून आलेल्यांचे इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत, हा त्रास वेगळाच.)

म्हणूनच इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील जॉर्ज स्टोथार्ट आणि सहकाऱ्यांची ‘फास्टबॉल’ चाचणी मला अधिक आश्वासक वाटते. तीत आधी दाखवलेली चित्रे नव्या चित्रांच्या वेगवान मालिकेत ठरावीक अंतराने पुन्हा येतात आणि मेंदू ती आपोआप ओळखतो का, हे तीन मिनिटांच्या ईईजीत तपासले जाते. रुग्णाला काही लिहावे वा आठवून सांगावे लागत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजींना ‘शंभरातून सात-सात वजा करा’ असे सांगून त्यांची बुद्धी जोखण्यापेक्षा हे कितीतरी न्याय्य आहे. तरीही रुग्णांच्या आणि निरोगी व्यक्तींच्या गटांत सरासरी फरक दिसणे वेगळे आणि समोरच्या एका माणसाचे निदान करणे वेगळे.

भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूची चित्रे घेणाऱ्या पेट स्कॅनच्या तुलनेत ईईजी फारच स्वस्त असल्याने या चाचणीला आपल्याकडे वाव आहे, यात शंका नाही. त्यासाठी तुलनेला म्हणून आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी इथल्या निरोगी वृद्धांचे आलेख, त्यांचे शिक्षण व चालू औषधे यांच्या नोंदींसह, आतापासूनच जमवायला हवेत. तोवर कोणी ‘मेंदू तपासणी पॅकेज’ विकू लागल्यास रक्ततपासणी, औषधांची यादी आणि घरच्यांशी सविस्तर बोलणे त्यात आहे का, एवढे तरी नातेवाइकांनी पैसे भरण्याआधी विचारावे.

आपला,
एक निवृत्त ईईजी तंत्रज्ञ, पुणे