एका बाप्तिस्म्याच्या नोंदीपायी

टॉडमॉर्डन,
रविवार रात्र

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला तो शेजारच्या आजींमुळे. त्यांचे खापरपणजोबा इथल्या स्टॅन्सफील्डचे विणकर. "तू कॉम्प्युटरवाला, त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधून दे," म्हणाल्या आणि मी हो म्हणून बसलो. दोन शनिवार टॉडमॉर्डनच्या नोंदी चाळल्या, हाती भोपळा.

चूक माझीच. गाव एक म्हणजे पॅरिशही (एका चर्चच्या हद्दीतला इलाखा) एकच, असं धरून चाललो होतो. अरे, या गावाच्या मधोमध लँकेशायर-यॉर्कशायर या दोन इंग्लिश जिल्ह्यांची शीव होती! १८७५ चा टाऊन हॉल तिच्यावरच उभा आहे. १८८८ च्या कायद्याने शीव सरकली, सगळं गाव यॉर्कशायरात आलं. पण जुन्या दप्तराला त्याचं काय? लँकेशायरकडची बाजू रॉचडेल पॅरिशची, स्टॅन्सफील्ड हॅलिफॅक्सचं. आणि हॅलिफॅक्सची पॅरिश एवढी अवाढव्य की तान्हं बाळ घेऊन तिथवर कोण जाणार? म्हणून हेप्टनस्टॉलला पोटचर्च. नोंद तिथे सापडली. १८१३ पासून नोंदवहीत छापील रकाने आले, त्यामुळे बापाचा धंदाही कळतो: 'विणकर, स्टॅन्सफील्ड'. आजींनी ती ओळ तीनदा वाचून घेतली.

मला मात्र पॅरिश या शब्दाचाच नाद लागलाय. मुळात तो एका चर्चचा मुलूख. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसायचं ओझं पॅरिशवर पक्कं केलं. उत्तरेत पॅरिशी फार मोठ्या, म्हणून १६६२ मध्ये तिथल्या टाउनशिपना (आपली मौजे म्हण) आपापले गरीब सांभाळायची मुभा मिळाली. पुढे १८६६ चा कायदा म्हणाला, जिथे गरीबपट्टी वेगळी, ती पॅरिश. टाउनशिप असलेलं स्टॅन्सफील्ड जागचं न हलता पॅरिश झालं!

त्या १६६२ च्याच कायद्याने परगावच्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशीत हाकलता यायचं. लग्नाविना गरोदर राहिलेल्या बाईला तर बाळंतपणाआधीच शिवेपार करायची घाई, कारण तसं मूल जिथे जन्मेल तिथल्या पट्टीवर पडायचं. हिशेब चोख, माणुसकी शून्य. तुझे कुलकर्णी आजोबा कितीही कडक असोत, एवढे नव्हते!

पुढच्या शनिवारी आजींना हेप्टनस्टॉलला नेतोय. तिथलं जुनं चर्च १८४७ च्या वादळात मोडलं, शेजारीच नवं बांधलं. एकाच आवारात दोन्ही. चढण भयंकर आहे, पण आजी ऐकत नाहीत. फोटो पाठवतो.

तुझा,
अव्या