काळ्या मातीच्या प्रयोगाला तीस वर्षे द्या

प्रति,
माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने आपण नागपुरात येता. कापसाचे भाव, संत्र्याची गळ, पीकविमा हे विषय सभागृहात निघतात आणि ते निघायलाच हवेत. माझ्या मागणीसाठी मात्र कोणी मोर्चा काढणार नाही, म्हणून हे पत्र. नागपूर जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीवर वाढत्या उष्णतेचा आणि बदलत्या पावसाचा काय परिणाम होतो, हे तपासणारा एक दीर्घकालीन प्रयोग शासनाने उभा करावा आणि तो किमान तीस वर्षे कोणालाही मोडता येणार नाही अशी तजवीज करावी.

तीस वर्षे कशाला, असे आपले अधिकारी विचारतील. उत्तर अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये आहे. तिथे १९९१ मध्ये जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलाच्या जमिनीत विजेच्या तारा पुरल्या आणि काही वाफे आजूबाजूच्या मातीपेक्षा ५ अंश सेल्सिअसने गरम ठेवले. पहिली दहा वर्षे गरम वाफ्यांच्या मातीतून कर्ब (कार्बन) झपाट्याने हवेत गेला. पुढची सात-एक वर्षे गरम आणि साध्या वाफ्यांत फरकच दिसेना. त्यानंतर गळती पुन्हा सुरू झाली आणि काही वर्षांनी पुन्हा थांबली. २०१७ मध्ये २६ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा कळले की वरच्या ६० सेंटिमीटर मातीतला सुमारे १७ टक्के कर्ब गेला आहे. हा प्रयोग तिसऱ्या वर्षी बंद केला असता, तर ‘माती अशीच रिकामी होत राहणार’ असा अहवाल निघाला असता. फक्त बारावे ते पंधरावे वर्ष पाहणाऱ्याने ‘आता धोका नाही’ असे लिहिले असते. दोन्ही माणसे प्रामाणिक आणि दोन्ही अहवाल चुकीचे.

आपल्याकडे संशोधन प्रकल्पाची मुदत बहुधा तीन वर्षांची असते. मी मृदाशास्त्र शिकवतो. एका संस्थेच्या प्रक्षेत्रावर नांगरट आणि बिननांगरट वाफ्यांची तुलना चालू होती, त्यात माझे विद्यार्थी होते. गांडुळे नुकती वाढू लागली होती, ढेकळांची घडण बदलत होती, आणि निधीची मुदत संपली. पुढच्या खरिपात ते सगळे वाफे एकत्र नांगरून तिथे बियाण्याचे सोयाबीन पेरले गेले. नियम कोणी मोडला नव्हता. वाईट वाटते ते त्याचेच: एवढी वर्षे जपलेली माती मोडायला कोणाची परवानगीसुद्धा लागली नाही.

हार्वर्डची माती आम्लधर्मी, थंड प्रदेशातल्या जंगलाची. तिचे निष्कर्ष उचलून काटोल-उमरेडच्या शेतात लावता येत नाहीत. आपली भारी काळी जमीन चुनखडीयुक्त, स्मेक्टाइट नावाच्या फुगणाऱ्या चिकणमातीची. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पाऊस पडला की कोरड्या मातीतले सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट बाहेर पडतो. मृदाशास्त्रात याला बर्च परिणाम म्हणतात. पूर्वी हे मुख्यतः हंगामाच्या तोंडाशी व्हायचे. आता पावसात मोठा खंड पडतो, माती पुन्हा वाळते, पुन्हा भिजते. प्रत्येक खंडासोबत कर्ब जातो, की चिकणमाती त्याला धरून ठेवते? शेतकऱ्याला सेंद्रिय कर्ब वाढवा म्हणून सांगणाऱ्या प्रत्येक योजनेचा पाया या उत्तरावर आहे, आणि ते उत्तर आपण आपल्या मातीला विचारलेले नाही.

दुसरे टोक अतिवृष्टीचे. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत नागपुरात १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि अंबाझरी तलावाचे पाणी घराघरांत शिरले. शहराचे नुकसान सगळ्यांनी पाहिले. असा पाऊस शेतात होतो तेव्हा फुगलेल्या मातीत पाणी तुंबते, मुळांना हवा मिळत नाही आणि नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो. युरियाचे पैसे मात्र शेतकऱ्याने दिलेले असतात.

खारपाणपट्टा, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खाऱ्या पाण्याचा आणि जमिनीचा पट्टा, आपल्याला माहीत आहेच. कोरड्या हवामानात चुना मातीत साठत जातो, सोडियमचा वाटा वाढतो, खालच्या थरांची घडण मोडते आणि पाणी मुरेनासे होते. तिथे हे कसे घडते, यावर नागपूरच्याच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी काम केले आहे. उष्णता वाढली तर तीच प्रक्रिया वर्धा-नागपूरच्या जमिनीत जोर धरेल का? ही इतकी सावकाश चालणारी गोष्ट आहे की ती पकडायला दशकेच लागतात.

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ मध्ये आली, तिच्यावर १२ घटक असतात. ती आजची स्थिती सांगते. माती कुठल्या दिशेने चालली आहे आणि का, हे सांगणे तिचे कामच नाही.

असा प्रयोग आपल्याला नवा नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हावरचा दीर्घकालीन खत प्रयोग १९८८-८९ मध्ये सुरू झाला. त्याच धर्तीच्या प्रयोगाला हवामानाची जोड हवी: काही वाफ्यांवर पाऊस अडवणारी छपरे, काहींना तोच पाऊस मोजक्या मोठ्या सरींत, काही गरम ठेवलेले, आणि शेजारी काहीच न केलेले. पीक पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. एक जागा भारी जमिनीची, दुसरी संत्रापट्ट्यातल्या हलक्या जमिनीची. मृदा ब्यूरो, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संस्था आणि पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी एकाच शहरात आहेत. एवढे जाणकार जवळजवळ असताना लागते ती जमीन, आणि शब्द.

जमीन म्हणजे सातबाऱ्यावर स्पष्ट नोंद. शहर वाढते तशी शेतीची प्रक्षेत्रे भूखंड म्हणून दिसू लागतात, ते थांबवायला पत्रक पुरणार नाही. शब्द म्हणजे कायम ठेव. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड या शेती संशोधन केंद्रातला गव्हाचा प्रयोग १८४३ पासून चालू आहे. तो सुरू करणाऱ्या जॉन लॉज यांनी १८८९ मध्ये त्यासाठी विश्वस्त निधी बांधून दिला, म्हणून तो टिकला. तिथे माती आणि पिकांचे तीन लाखांहून अधिक नमुने जपलेले आहेत, आणि अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ शेतात कधी उतरली हे त्यांतूनच शोधता आले. नमुने जपायला सुरुवात करणाऱ्यांना तेव्हा अणुबॉम्ब ठाऊकही नव्हता. आपल्या प्रयोगातही नमुन्यांची खोली पहिल्या दिवसापासून हवी. वाफे राखणारी माणसे कायम पदावर हवीत, कारण कंत्राट बदलले की कुठल्या वाफ्यात काय घातले याची आठवणही जाते. आणि आकडे शेतकऱ्यांना दरवर्षी बघायला खुले हवेत.

मूळ नमुने पहिल्या पावसाआधी, एप्रिल-मे महिन्यांतच घ्यावे लागतात. त्यासाठी मार्चच्या अर्थसंकल्पात तरतूद आणि त्याआधी जागेची निवड व्हायला हवी. आपण या अधिवेशनात चारही संस्था आणि विद्यापीठ यांची एक बैठक नागपुरातच बोलवावी, ही विनंती.

आपला नम्र,
मृदाशास्त्राचा एक अध्यापक, नागपूर