परांचीवरून कामगार पडल्याबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

दिनांक : 14 मे

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व), मुंबई

विषय : बाहेरील दुरुस्तीचे काम सुरक्षेची व्यवस्था होईपर्यंत थांबवणे

महोदय,

गेल्या गुरुवारी सकाळी बी विंगच्या मागच्या भिंतीचे प्लास्टर करणारा कामगार माझ्या दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीसमोरून खाली पडला. दहा मिनिटांपूर्वीच मी त्याला ग्रिलमधून पाण्याची बाटली दिली होती. त्याच्या कमरेला पट्टा होता, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु त्या पट्ट्याचा हूक तो ज्या आडव्या बांबूवर उभा होता त्याच बांबूला अडकवलेला होता, आणि दोरीची गाठ सुटून बांबू निसटला तेव्हा पट्ट्याचा काहीही उपयोग झाला नाही. सहा मीटर खाली यायला सव्वा सेकंदही लागत नाही. हात धरायला वेळच नसतो.

तो पायांवर आदळला. दोन्ही टाचांची हाडे मोडली आहेत आणि कमरेच्या मणक्यालाही इजा आहे. आपण सर्वांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून रिक्षात बसवले. हेतू चांगलाच होता, पण मणक्याला मार लागलेल्या माणसाला न हलवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला हवी होती. या चुकीत मीही सहभागी होते, आणि ती मला अजून छळते.

मंगळवारच्या बैठकीत 'माणूस ठेकेदाराचा, जबाबदारीही ठेकेदाराची' असे सांगण्यात आले, ते मला मान्य नाही. आपण मंजूर केलेल्या दरपत्रकात रंगाच्या हातांपासून गॅरंटीच्या वर्षांपर्यंत सगळे आहे, मात्र कामगारांच्या सुरक्षेबद्दल एक ओळही नाही. कामावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई मिळावी म्हणून या देशात 1923 सालीच कायदा झाला. तरीही काम देताना ठेकेदाराकडे कामगारांचा विमा आहे का, हे आपण विचारले नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, प्रत्येक कामगारासाठी परांचीपासून वेगळी अशी सुरक्षा दोरी गच्चीवरून सोडली जावी. ती जुन्या विटांच्या कठड्याला न बांधता पाण्याच्या टाकीखालच्या कॉलमला बांधावी, आणि कमरपट्ट्याऐवजी छाती व मांड्यांभोवती बसणारा, भारतीय मानक 3521 चा शिक्का असलेला हार्नेस द्यावा. परांचीच्या गाठी रोज सकाळी मुकादमाने तपासाव्यात व वहीत सही करावी. हे होईपर्यंत कोणीही वर चढू नये.

जखमी कामगार नाक्यावरून आलेला रोजंदार आहे. काम बंद म्हणजे घरी पैसे बंद. त्याच्या उपचारांचा व बुडालेल्या रोजाचा खर्च ठेकेदाराने भरेपर्यंत तो संस्थेने उचलावा. त्यासाठी 2,000 रुपये मी कार्यालयात जमा केले आहेत.

पावसाळा तोंडावर आला आहे, हे मला ठाऊक आहे. गेली तीन वर्षे माझ्याच बेडरूमच्या भिंतीतून पाणी झिरपते. काम लांबल्यास यंदाही मी तिथे बादली ठेवीन. कृपया येत्या रविवारी विशेष बैठक बोलवावी.

आपली विश्वासू,
सभासद, बी विंग, दुसरा मजला